सत्त्याहत्तर पानं

१

नूपुर गेल्याचं कुसुमताईंना कळलं ते नवव्या दिवशी, तिच्या वडिलांच्या तोंडून.

मे महिन्यातली शनिवारची सकाळ. नऊही वाजले नव्हते, पण प्रताप नगरातल्या रस्त्याकडे डोळे उघडे ठेवून बघवत नव्हतं. कुसुमताई फाटकाशेजारच्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले एक साठी उलटलेले गृहस्थ फाटकापाशी येऊन उभे राहिले.

"पत्त्यावाल्या बाई तुम्हीच का जी?"

"हो. या ना आत. उन्हाचे आलात, पाणी देते."

"पाणी प्यायले नाही आलो." त्यांनी फाटक धरलं आणि लगेच सोडलं, लोखंड तापलं होतं. "मी मधुकरराव. नूपुरचा बाप. काटोलहून आलो."

कुसुमताईंचा चेहरा फुलला. गेले आठ दिवस त्या या पोरीची वाट बघत होत्या. "नूपुर कशी आहे? मागच्या शनिवारी येते म्हणाली होती, आली नाही."

"मेली," मधुकरराव म्हणाले. "मागच्या शुक्रवारी. कूलर भरता भरता करंट लागला. उद्या दहावा दिवस आहे तिचा."

कुसुमताईंच्या हातातली झारी तशीच राहिली. पाणी कुंडीतून वाहून त्यांच्या पायावर आलं, तेही त्यांना कळलं नाही.

"सात वर्षांची होती, तवा घरच्या कूलरले चिकटली होती. मीच लाकडानं मारून सोडवलं तिले. तवापासून वीस वर्षं माझ्या लेकीनं कूलरले बोट लावलं नाही. घरातलं पंख्याचं बटनसुद्धा काडीनं दाबे. आन् तुम्ही तिले कोण्या सिंहाचं पान दिलं. म्हणे धीर धर, हात ठेव. ठेवला तिनं हात!" मास्तरकीत जन्म गेलेला माणूस होता, आवाज चढवायची सवय नव्हती, म्हणून तो फाटत होता. "बटन चालू होतं, बाई. चालू कूलरमधी हात घातला तिनं. लोकं म्हणून राहिले का मधुकर मास्तरची पोरगी येडी होती. ती येडी नव्हती. तुम्ही केलं तिले येडं."

ते आले तसे निघून गेले. कुसुमताई कुंड्यांमध्ये उभ्या राहिल्या. रडू यायला हवं होतं, ते आलं नाही, कारण डोक्यात एकच वाक्य अडकलं होतं. बटण चालू होतं.

"असं होऊच शकत नाही," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

२

प्रताप नगरात त्यांना 'पत्त्यावाल्या बाई' म्हणत, आणि त्यांचे यजमान देवाजी त्यांना 'माझी जुगारी' म्हणत. देवाजी वीजखात्यात तीस वर्षं लाइनमन होते. खांबावर चढून त्यांनी अर्ध्या नागपूरला उजेड दिला आणि त्यात डाव्या हाताची दोन बोटं गमावली. कुसुमताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या आणि वेळ खायला उठला तेव्हा टॅरोची पानं वाचायला शिकल्या. भविष्य त्या सांगत नसत. "उद्या काय होणार ते मले काय माहीत? आज तुझ्या पोटात काय चाललं आहे, ते या पानाकडे पाहून तूच सांग," असं म्हणत, आणि बायका सांगत.

अठ्ठ्याहत्तर पानांची गड्डी. त्यातलं आठ नंबरचं पान त्यांचं लाडकं. पांढऱ्या वस्त्रातली एक बाई, डोक्यात फुलांचा गजरा, सिंहाच्या जबड्यावर दोन्ही हात ठेवून वाकलेली. तिच्या हातात तलवार नाही की काठी नाही. इंग्रजीत त्याला शक्तीचं पान म्हणतात, कुसुमताई धीराचं पान म्हणत. समोर बसलेली बाई ते पान निघालं की हमखास हात जोडी. सिंह आणि बाई एकत्र दिसली की आपल्याकडे दुसरं काय सुचणार? कुसुमताई कुणाला दुरुस्त करायला जात नसत. जोडेनात का हात, त्यांना आपलं बरंच वाटे.

त्यांची एक रीत होती. ज्या बाईला ज्या पानाची गरज, तिला ते पान घरी न्यायला द्यायचं. काम झालं की तिनं ते आणून द्यायचं. तोवर कुसुमताई गड्डी फडक्यात बांधून ठेवत, एक पान कमी असताना दुसऱ्या कुणाचं वाचत नसत.

नूपुर आली होती ती कूलरसाठी. हे ऐकून कुणी हसेल, पण तिला हसू येत नव्हतं.

"काकू, ऋषिकेश सकाळी गांधीबागेत दुकानावर जातात ते रात्रीच येतात. दुपारी दोनलाच कूलरमधलं पाणी संपते. सासूबाईंले रक्तदाब आहे. त्या पदरानं वारा घेत पडून राहतात, मले म्हणत नाही का भर म्हणून. त्यांले माहीत आहे मी भिते ते. मलेच पाहवत नाही." तिनं उजवा तळहात पुढे केला. मधोमध लहानपणीचा पांढरा व्रण होता. "पाइप घेऊन मागं जाते आन् पाय उचलत नाही. काय करू?"

कुसुमताईंनी तिला आठ नंबरचं पान दिलं. "भीती मारायची नसते, बाळा. तिच्यावर हात ठेवायचा, हळूच. आन् हात ठेवायच्या आधी तिचं तोंड बंद आहे का पाहायचं."

आतून देवाजी सगळं ऐकत होते. ते स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची पत्र्याची पाटी काढून घेऊन आले. लाल कवटी, खाली दोन हाडं, आणि 'लाइनवर माणूस आहे' ही अक्षरं. "आम्ही खांबावर चढाच्या आधी खालच्या बटनाले हे लटकवत जाऊ. कोणी चुकून चालू करू नये म्हणून. ने पोरी. आधी बटन बंद, त्याच्यावर पाटी, मंग पाण्याले हात."

नूपुरनं ती कवटी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. कुसुमताई नवऱ्यावर डाफरल्या, "अहो, ती आधीच भिऊन राहिली आन् तुम्ही मड्याची खूण दाखवता!" त्यांनीच मग धीराच्या पानाला वर भोक पाडलं, लाल दोरा ओवला आणि नूपुरच्या हातात ठेवलं. "हेच लटकव बटणावर. पाटीचं काम होईल आन् हिच्याकडे पाहून धीरही येईल."

पुढच्या गुरुवारी फोन आला. "काकू, दोनदा भरला! एकटीनं! पान लटकवलं आन् भरला!" मागे पाण्याचा आवाज येत होता आणि पोरगी हसत होती. शनिवारी पान परत आणून देते म्हणाली.

शुक्रवारी ती गेली.

मधुकरराव येऊन गेल्यावर देवाजींनी सगळं ऐकून घेतलं. "पान बटनावर असतं तं बटन चालू होऊच शकत नव्हतं," ते म्हणाले. "पान काढल्याबिगर बोट पोचत नाही. म्हंजे दोनच गोष्टी. नाहीतं तिनं लटकवलंच नाही..."

"नाहीतं?"

"नाहीतं ते कोणीतरी काढलं."

पहिली गोष्ट खरी असेल तर पोरीला नसता धीर देऊन आपणच मारलं, हे कुसुमताईंना देवाजींनी सांगायची गरज नव्हती. आपण त्या मुलीच्या हातात धीर दिला की मरण दिलं, एवढंच त्यांना कळून घ्यायचं होतं.

"उद्या हुडकेश्वरले तिच्या घरी जाऊ," त्या म्हणाल्या. "माझं पान कुठं आहे ते पाहते."

३

हुडकेश्वरच्या नव्या वस्तीत ते घर होतं. एका बाजूला कौशल्याबाईंचं घर, मागे मोकळा प्लॉट आणि त्यात काटेरी बाभळी. दहाव्याचे विधी उरकून पुरुषमंडळी परतली होती. अंगणात कापड बांधून सावली केली होती, तिथं मधुकरराव खुर्चीत बसले होते. कुसुमताईंना पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

ऋषिकेश उभा राहिला. तिशीचा असेल. मुंडण केलेलं डोकं, खोल गेलेले डोळे.

"नूपुर तुमचं फार सांगे," तो म्हणाला. "काकूंनी दोरा बांधून दिला, काकूंनी असं सांगतलं."

"दोरा बांधलेलं पान कुठं आहे, बाळा?"

"नाही दिसलं. पोलिसांनी पंचनामा केला तवा बटन चालू होतं. बटनावर काहीच नव्हतं."

"मले ती जागा दाखवतोस?"

दाखवायला तो स्वतः आला नाही, बोटानं दाखवलं. आईची खोली. खिडकीत बाहेरून कूलर बसवलेला, नागपुरात बसवतात तसा, लोखंडी स्टँडवर. बटण खोलीच्या आत, दाराजवळच्या भिंतीवर. पाणी भरायचं तर घराला वळसा घालून मागे जायचं, बाजूची वाळ्याची ताटी काढायची आणि पाइप आत सोडायचा. मागे उभं राहिलं की बटण दिसत नाही.

देवाजी मागे गेले आणि पाच मिनिटांनी हात झटकत परत आले. "पंपाची वायर सोललेली आहे. चिकटपट्टी लावली होती, ती सुटली. अर्थिंग नाही. अख्खा पत्रा करंटमधी येत असन."

"ती पट्टी मी लावली होती," ऋषिकेश म्हणाला. तो दारातच खाली बसला. "वरचा सुशील म्हणे वायर बदला, अर्थिंग करून घ्या. मी म्हटलं रविवारी करतो. तीन रविवार झाले. मीच मारलं तिले, काकू. मामाजी, नूपुरचे बाबा, मलेही हेच म्हणून राहिले, ते काही खोटं नाही."

बाहेर खुर्चीतल्या मधुकररावांना ते ऐकू गेलं असावं. त्यांनी मान हलवली नाही.

कुसुमताई बटणापाशी गेल्या. बटणाच्या बरोबर वर, वीतभर अंतरावर, भिंतीत एक नवा खिळा होता. त्याच्या डोक्याला लाल सुताचा एक तंतू अडकला होता.

४

सुशील वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होता. कूलर दुरुस्तीचं काम करी. या घरातला पंप त्यानंच बसवला होता, त्यामुळे अर्धी वस्ती त्याच्याकडेही बोट दाखवत होती. कुसुमताई जिन्यावर त्याला भेटल्या तेव्हा तो आधीच हात जोडून उभा राहिला.

"मी सांगतलं होतं जी अर्थिंग करा म्हणून. ऋषीभाऊले इचारा."

"विचारलं. तू खरं बोलतोस. मले दुसरं सांग. नूपुरले कूलर भरताना पाहिलं होतंस का कधी?"

"दोनदा पाह्यलं. बुधवारी आन् गुरुवारी. दोन्ही बार खालच्या काकू, ऋषीभाऊच्या आई, भजनाले गेल्या होत्या." त्याचा आवाज निवळला. "वयनी आधी खोलीत जाऊन बटन बंद करे. मंग बटनावर एक चित्र लटकवे. मंग मागं येऊन टेस्टर लावून पाहे. मंग पायात रबराची चप्पल आहे का पाहे. मी हासलो तं म्हणे, 'हासू नका भाऊ, मी वीस वर्षांची उधारी फेडून राहिली.' बाई, मी रोज चालू कूलरमधी हात घालतो. माझ्यापेक्षा पक्कं काम होतं तिचं."

"आन् शुक्रवारी?"

"शुक्रवारी मी कामावर होतो. पावणेसहाले आलो. टाकीत पाण्याचा थेंब नाही. म्हटलं खाली कोणाचा नळ चालू राह्यला. काकूचं दार वाजवलं, कोणी उघडलं नाही. साडेसातले ऋषीभाऊ आले, मागं गेले, आन् मंग बोंबच उठली." त्यानं डोळे पुसले. "पाइप तोवर चालूच होता. टाकी त्याच्यातच रिकामी झाली. डॉक्टर म्हणे पाच वाजताच गेली असन, लागल्याबरोबर."

म्हणजे नूपुरनं बटण बंद केलं होतं. तिसऱ्या दिवशी ती अचानक बेफिकीर झाली असेल, यावर कुसुमताईंचा विश्वास बसेना. त्यांना क्षणभर हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. पान कुणीतरी काढलं होतं. पाच वाजता या घरात नूपुरशिवाय एकच माणूस होतं.

रुखमाबाई. नूपुरची सासू. त्यांनी पोलिसांना सांगितलं होतं की जेवून दोन वाजता पडले, उन्हानं भोवळ होती, साडेसातला मुलानं हाक मारली तेव्हा डोळा उघडला.

बायकांच्या घोळक्यात कौशल्याबाई बसल्या होत्या, शेजारच्या. कुसुमताई त्यांच्याजवळ टेकल्या. शेजारणीला बोलतं करायला फार कष्ट लागत नाहीत.

"काय नशीब पाहा वं माय," कौशल्याबाई म्हणाल्या, "त्याच दिवशी माझ्या घरी सत्यनारायण होता. नूपुरनं सकाळी येऊन तोरण बांधून देलं. संध्याकाळी मी सगळ्याइले प्रसाद वाटला, आन् हिच्याच नशिबात नव्हता."

"इथं नाही आणला?"

"आणला ना. साडेसहा झाले असन. दार वाजवलं तं रुखमाबाई आतूनच बोलल्या. म्हणे, 'कौशल्या, आज नको. आज मले चालत नाही.' दार नाही उघडलं. म्हटलं उपास असन."

हे कुसुमताईंना खटकलं. उपासाची बाईसुद्धा सत्यनारायणाचा प्रसाद परत पाठवत नाही, कणभर तोंडात टाकून हात जोडते. रुखमाबाईंसारखी देवभोळी बाई तर नाहीच. प्रसाद चालत नाही तो एकाच घरात. ज्या घरात सुतक आहे, त्या घरात.

आणि सुतक लागल्याचं बाकी जगाला कळलं ते साडेसातला.

५

पाणी पिण्याचं निमित्त करून कुसुमताई स्वयंपाकघरात गेल्या. कोपऱ्यात देव्हारा होता, पुढे हिरवा पडदा ओढलेला. तेरा दिवस या देवांना कुणाचा हात लागणार नव्हता. दिवा नाही, फूल नाही.

त्यांनी पडद्याचं टोक उचललं.

पितळेचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कोराडीच्या देवीचा फोटो. आणि त्या फोटोला टेकवून, अगदी मधोमध, त्यांचं पान. आठ नंबरचं. लाल दोरा नीट गुंडाळून मागे खोचलेला. पांढऱ्या वस्त्रातल्या बाईच्या कपाळावर हळदीचं बोट आणि त्यावर ठसठशीत कुंकू. सिंहाच्या पायाशी मोगऱ्याचं एक फूल, वाळून तपकिरी झालेलं.

कुसुमताईंनी पानाला हात न लावता ते नीट पाहून घेतलं.

हे हळदीकुंकू सुतकात लागलेलं नव्हतं. सुतकात या घरात कुणी देवाला शिवलं नसतं, अगदी गळ्याशी आलं तरी. म्हणजे ते आधीचं. पण गुरुवारी कूलर भरताना हे पान बटणावर होतं, नूपुरनं फोनवर सांगितलं होतं, सुशीलनं डोळ्यांनी पाहिलं होतं. शुक्रवारी त्याच पानाच्या भरवशावर तिनं ताटी काढली. तेव्हा हे पान खिळ्यावरून निघालं, आणि त्याला कुंकू लागलं, ते शुक्रवारी पाचच्या सुमारासच. नूपुर मागे पाइप धरून उभी असताना.

कुणी रागानं काढलं नव्हतं. कुणाच्या मनात काही नव्हतं. कुसुमताईंना वाटलं, असतं तर बरं झालं असतं. निदान कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या.

"त्या देवीले हात नका लावू जी," मागून आवाज आला. "सुतक आहे."

दारात रुखमाबाई उभ्या होत्या.

६

साठीची, लहानखुरी बाई. डोळे सुजलेले होते, पण कोरडे. कुसुमताईंनी पडदा सोडला.

"इथं ही कोणी ठेवली, रुखमाबाई?"

"मीच."

"कधी?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"हे पान माझं आहे," कुसुमताई हळू म्हणाल्या. "मीच दिलं होतं नूपुरले. बटणावर लटकवायले. ते तिथं असलं म्हणजे बटणाले कोणी हात लावू नये, म्हणून."

रुखमाबाईंनी वर पाहिलं. दहा दिवस त्यांना एवढंच कळलं नव्हतं, की ते चित्र तिथं कशासाठी होतं. तेही आता कळलं. त्या ओट्यापाशी खाली बसल्या.

"मले नाही सांगतलं तिनं," त्या म्हणाल्या. "मी ओरडीन म्हणून नसन सांगतलं. मी तिले कूलरपाशी जाऊ देत नव्हती. भजनाहून आली का कूलर सुरूच दिसे, मले वाटे पाणी उरलं असन. ती भरून राहिली, हे मले ठाऊकच नव्हतं."

"शुक्रवारी काय झालं?"

"गर्मीनं जाग आली. पाहतो तं कूलर बंद. उठली, बटनापाशी गेली, तं बटनावर देवी लटकून राहिली!" त्या बोलत होत्या ते कुसुमताईंशी नव्हे, समोरच्या पडद्याशी. "बटनाले खरकटे हात लागतात. झाडू लागते. म्हटलं, लेकराले समजलं नाही, देवीची जागा हे आहे का? मी काढली. पदरानं पुसली. इथं आणली. हातपाय धुतले, हळदकुंकू लावलं, मोगऱ्याचं फूल वाह्यलं. पाया पडली. म्हटलं, माय, माझ्या नूपुरची कूस उजव, तिले सुखी ठेव." त्यांनी उजवा हात उघडून पाहिला. "आन् मंग जाऊन बटन दाबलं."

बाहेर कुणाच्या तरी हातून ताट पडलं.

"आवाज नाही आला?"

"कूलर सुरू झाला तं काही ऐकू येते का जी? थंड हवा आली. मले झोप लागली, बाई. मले छान झोप लागली." इतक्या वेळ कोरडे असलेले डोळे वाहायला लागले, आणि ते पुसायचं भानही त्यांना नव्हतं. "सुशीलनं दार वाजवलं तवा उठली. मागं जाऊन पाह्यलं. ओली होऊन पडली होती. तोंड शांत होतं. मी परत आली आन् खाटेवर बसून राहिली. कौशल्या प्रसाद घेऊन आली, तो कसा घेऊ? पण सांगू बी शकली नाही. ऋषी आला तं तोंडातून निघालं, मी झोपली होती. मंग तेच राहिलं. पोरगा रोज म्हणते मीच मारलं तिले. जेवत नाही. मी त्याच्या ताटापाशी बसतो आन् माझी जीभ उचलत नाही."

कुसुमताई त्यांच्या शेजारी फरशीवर बसल्या. ही बाई दुष्ट निघाली असती तर कसं तोंड सुटलं असतं त्यांचं! आता बोलायचं ते स्वतःविरुद्धच होतं.

"माझे मालक तिले पाटी देऊन राहिले होते. कवटीची. ती असती तर तुम्ही कधीच काढली नसती. मीच नको म्हटलं. मलेच हौस, सुंदर चित्र द्यायची. बायका त्या पानाले हात जोडतात, देवी म्हणतात, मी कधी सांगितलं नाही का देवी नाही म्हणून. मले गोड वाटत होतं. एक शब्द बोलली असती, तर ती आज असती."

रुखमाबाईंनी वळून पाहिलं. "देवी नाही?"

"नाही."

"मंग कोण आहे ती?"

"बाई आहे. साधी. तुमच्यासारखी, नूपुरसारखी. समोर सिंह आहे, तिले भीतीही वाटून राहिली. तरी हात ठेवला तिनं. एवढंच आहे ते पान."

रुखमाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. सुतक होतं, तरी त्यांनी पडदा सारला आणि पान बाहेर काढलं. वाळलेलं फूल देव्हाऱ्यात पडलं. त्या बाहेर निघाल्या. कुसुमताईंनी दंड धरायला हात पुढे केला, तर त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

अंगणात सगळे होते. ऋषिकेश खांबाला टेकून बसला होता. त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ऋषी, नूपुरनं बटन बंद केलं होतं. त्याच्यावर हे लटकवलं होतं. मी देवी समजून काढलं, आन् बटन मी दाबलं. मी झोपली नव्हती. तुले खोटं सांगतलं. तुह्या पट्टीनं नाही मेली ती, माह्या हातानं मेली."

ऋषिकेशनं आईकडे पाहिलं, जणू ती दुसरीच कुणी बाई असावी. तोंडावर हात दाबून तो उठला, फाटकापर्यंत गेला. तिथं थांबला. तिथून पुढेही गेला नाही आणि मागेही आला नाही. रुखमाबाई उन्हात तशाच उभ्या राहिल्या. त्याच्या मागे गेल्या नाहीत, क्षमाही मागितली नाही.

मधुकरराव खुर्चीतून उठून आले. आता हे काय करतील, म्हणून देवाजी लगबगीनं मध्ये झाले, पण मास्तरांचं रुखमाबाईंच्या तोंडाकडे लक्षच नव्हतं. ते त्यांच्या हातातल्या पानाकडे बघत होते.

"बंद केलं होतं?" त्यांनी विचारलं. "बटन बंद केलं होतं तिनं?"

"हो."

"आन् मंग भरायले गेली? एकटी?"

"तिसऱ्यांदा," कुसुमताई म्हणाल्या. "आधी दोनदा भरला होता. मले फोन करून सांगितलं. हसून राहिली होती."

मधुकररावांनी पान घेतलं. कुंकवाचा चुरा त्यांच्या बोटांना लागला. चष्मा कपाळावर सारून त्यांनी ते डोळ्यांपाशी नेलं, विद्यार्थ्याचा पेपर तपासावा तसं खालपासून वरपर्यंत पाहिलं. सिंह, सिंहाच्या जबड्यावरचे हात, वाकलेली बाई.

"वीस वर्षं," ते म्हणाले. "पंख्याचं बटन काडीनं दाबे माझी पोरगी." मग त्यांचा बांध फुटला आणि ते भर अंगणात, सगळ्यांसमोर रडले.

निघताना देवाजींनी बायकोला हळूच विचारलं, "पान?"

पान मधुकररावांच्या सदऱ्याच्या खिशात होतं, आणि खिशावर त्यांचा हात होता. कुसुमताईंनी ते मागितलं नाही. गड्डी अजून त्यांच्या कपाटात फडक्यात बांधलेली आहे, सत्त्याहत्तर पानांची.